शिलाई मशीनला मोटर किंवा हँडल बसवण्याआधी एवढं वाचा

“मशीन फार जड चालतंय, मोटर बसवून द्या.” दुकानात हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि रोज तेच उत्तर देतो: आधी मशीन हलकं करू, मोटरचं मग बघू.

सिंगर असो, ऊषा, रीटा किंवा मेरिट. आजीच्या काळच्या काळ्या मशीनचं लोखंड सहसा शाबूत असतं. घात करतं ते तेल. मशीनचं तेल संपलं की घरातलं खोबरेल घातलं जातं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे थंडीत मशीन अडलंच. राहिलेलं तेल चिकट होतं आणि त्यात कापडाची रुई जाऊन बसते. सूर्यफुलाचं, सोयाबीनचं तेल तर वाळून वार्निशसारखं कडक होतं.

अशा मशीनला मोटर लावली तर काय होतं? मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. ओढ जास्त म्हणून मोटर हळू फिरते, वीज जास्त घेते आणि नेमका तेव्हाच वारा कमी पडतो. जळका वास येतो आणि ग्राहक म्हणतात, मोटर खराब दिली.

घरीच तपासा. दोरा काढा, दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) वर घ्या आणि चाक एका बोटानं आपल्याकडे फिरवा. सहज फिरलं, सोडल्यावर थोडं पुढे गेलं, तर मशीन तयार आहे. बोट दुखलं तर सफाई हवी.

म्हणून आम्ही सफाईशिवाय मोटर बसवत नाही. काहींना हा वाढीव खर्च वाटतो. पण रॉकेलनं जुनं तेल सुटायला वेळ लागतो. शटलच्या (बॉबिन बसते त्या भागाच्या) खाचेत अडकलेला दोराही तेव्हाच सापडतो. मशीन एक रात्र आमच्याकडे ठेवावं लागतं, घाई करू नका. परत नेताना मशीनच्या पातळ तेलाची बाटली आमच्याकडून.

हातानं फिरवायचं हँडल हवं असेल तर चाक आऱ्यांचं लागतं, कारण हँडलचा खुंट आऱ्यांमध्ये अडकतो. भरीव चाक असेल तर बदलावं लागेल, ते आमच्याकडे मिळतं. गोधडीच्या जाड थरांना आणि शिकणाऱ्या मुलांना आम्ही हँडलच सुचवतो. टाका न् टाका हातात राहतो, वीज गेली तरी काम थांबत नाही.

मोटर आणि हँडल दोन्ही चाकाखालच्या उंचवट्यावरच्या भोकात स्क्रूनं बसतात. काही फार जुन्या मशीनना ते भोकच नसतं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, भोक पाडून आम्ही मशीन धोक्यात घालत नाही. असं मशीन पायावरच चालवा. म्हणून येण्याआधी मागच्या बाजूचा फोटो पाठवा, हेलपाटा वाचेल.

मोटरचा पट्टा बोटानं दाबल्यावर साधारण 1 सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून ताणू नका. मशीनचं अंग लोखंडाचं आहे, तेव्हा प्लग तीन पिनांचाच आणि घरातलं अर्थिंग तपासलेलं.

मशीन आणताना चाक, बॉबिन आणि शटल काढून ठेवू नका, सगळं सोबत आणा.