'लावून आलाय' म्हणण्याआधी

एसटी स्टँडवर रसवंतीशेजारी एक माणूस बाकावरून घसरून खाली बसला होता. शर्ट घामानं भिजलेला, हात थरथरत होते, जीभ जड. आम्ही दहा-बारा जण गाडीची वाट बघत उभे. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच लावून आलाय." तेवढ्यानं सगळ्यांच्या नजरा दुसरीकडे वळल्या. माझीही वळली, याचं आजही वाईट वाटतं.

पेरूची पाटी घेऊन बसलेल्या मावशी मात्र उठल्या. त्याच्या तोंडाजवळ वाकून म्हणाल्या, "वास कुठं येतोय? साखर उतरली असंल. आमच्या मालकांना असंच होतंय." माणूस शुद्धीत होता, गिळू शकत होता. मावशींनी त्याला घोट घोट उसाचा रस पाजला. पंधरा-वीस मिनिटांत तो नाव-गाव सांगू लागला.

मधुमेहाची काही औषधं, विशेषतः इन्सुलिन, घेतल्यावर जेवण चुकलं तर रक्तातली साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. तो पुरवठा तुटला की बोलणं अडखळतं, तोल जातो, माणूस चिडचिड करतो. घाम आणि थरथर हा शरीरानं सोडलेल्या अॅड्रेनॅलिनचा परिणाम. लांबून बघणाऱ्याला हे सगळं दारूसारखंच दिसतं. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.)

'दारुडा' हा शिक्का किती महागात पडतो, हे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोजलं गेलंय. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक जण चालत्या गाडीत मुद्दाम कोसळायचा. हातात काठी असली तर ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले. अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असली तर ३८ पैकी फक्त १९ वेळा. पडणं तेच, डबाही तसाच.

शिक्का नसतानाही आपण अडखळतो, कारण आपण एकमेकांचे चेहरे वाचत असतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका खोलीत हळूहळू धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितलं. सोबत दोन जण ठरवून निवांत बसलेले असले, तर १० टक्क्यांनीच. स्टँडवर आम्हीही तेच केलं. तो गप्प, म्हणजे विशेष काही नसेल, म्हणून मी गप्प. आणि मी गप्प, म्हणून तिसरा.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती इंग्लंडमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगामुळे. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसमोर एक धावपटू घसरून पडतो, घोटा धरून कण्हतो. अंगात युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण थांबले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असताना १० पैकी ३. मग पुढच्या खेपेला चाहत्यांशी आधी त्यांच्या संघाऐवजी एकूण फुटबॉलप्रेमाबद्दल बोलणं झालं. आता लिव्हरपूलच्या शर्टासाठीही १० पैकी ७ थांबले! साधा शर्ट घातलेल्याच्या वाट्याला मात्र तेव्हाही ९ पैकी २ जणच आले. म्हणजे 'आपला' या शब्दाचं कुंपण सरकवता येतं, तेही इतक्या थोड्याशा बोलण्यानं. पण कुंपण उरतंच, आणि बाहेर कोण राहिलं ते प्रत्येक वेळी बघावं लागतं.

पोलिसांचा ससेमिरा नको, ही धास्ती आपल्याकडे वेगळी. रस्ते अपघातात तरी ती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४ अ, सद्हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

त्या माणसाची गाडी तोवर निघून गेली होती. पुढच्या गाडीत त्याला बसवून देताना मावशींनी कंडक्टरला बजावलं, "शुगरवाले हायेत, जरा लक्ष ठेवा." कंडक्टरनं पुढची एक सीट रिकामी करून दिली.