नख रुततंय का बघ: ओल्या रस्त्यावर टायर पारखण्यामागची गोष्ट

मुंबई-गोवा रस्त्यावर, रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या तिठ्याजवळ टायरचं काम करणारे एक काका आहेत. गिऱ्हाइकाचा टायर ते आधी हाताने बघतात, मग डोळ्यांनी. नक्षीच्या एका ठोकळ्यावर अंगठ्याचं नख दाबायचं आणि सोडायचं. खूण उमटून सावकाश भरून आली तर मान डोलावतात. नख नुसतंच घसरलं तर म्हणतात, "दगड झालाय हो, पावसात नको." नक्षी किती उरली, ते नंतर. मला ही जुन्या माणसाची लकब वाटायची. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, काका दोनपैकी एक परीक्षा, रबराची, चोख घेतात. दुसरीची आपल्याकडे आजवर फारशी गरजच पडली नव्हती.

1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि पुढे तो मोटारींना लागला, तेव्हा तो गुळगुळीतच असे. नक्षी असलेला मोटारीचा टायर कॉन्टिनेन्टलने 1904 मध्ये बाजारात आणला. रबरात काजळी मिसळली की टायर कितीतरी पट टिकतो, हेही त्याच सुमाराच्या वर्षांत उमगलं. पांढुरके टायर काळे झाले ते त्यामुळे. तेव्हापासून टायरची किंमत ठरली ती त्याच्या आयुष्यावर. आपल्याकडेही तेच. फियाटचा 5.20-14 किंवा अ‍ॅम्बेसेडरचा 5.90-15 घेताना "किती किलोमीटर जाईल?" एवढाच प्रश्न असे. गोटा झाला की रिमोल्ड करायचा, म्हणजे वर नवं रबर चढवायचं, आणि पुन्हा चालवायचा. पावसात कसा थांबतो, हे दुकानात विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. रेडियल टायर, म्हणजे ज्याच्या आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात तो, मिशेलिनने 1949 मध्ये विकायला काढला. वळणावर त्याची बाजू वाकते, पण तळ रस्त्याला सपाट चिकटून राहतो. भारतात तो यायला 1977 उजाडलं, आणि इथेही त्याचं कौतुक झालं ते मुख्यतः जास्त टिकतो म्हणून.

आता जुना मुंबई-गोवा रस्ता आठवा. दुपदरी, कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट, आणि श्रावणात तीस-चाळीसच्या वर काटा जाणं अवघड. घाटात पाणी साचत नाही, उतारावरून वाहून जातं. रस्त्यावर उरतो पातळ थर, आणि त्यात काय नसतं! चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली तांबडी माती, मासळीच्या गाडीतून ठिबकलेलं पाणी, सावलीच्या वळणावरचं शेवाळ. जूनच्या पहिल्या सरीला तर वर्षभराचं तेल वर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अशा ठिकाणी नक्षीपेक्षा रबराची जात महत्त्वाची.

ही जात म्हणजे काय, हे 1950 च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांच्या कामातून स्पष्ट झालं. रबराचे दोन चेंडू घ्या. एक जोरात टप्पा घेतो, दुसरा मेल्यासारखा पडतो. ओल्या रस्त्यावर पकड जास्त असते ती या दुसऱ्याची. टायर खडीच्या टोकांवरून सरकताना रबर दबतं आणि पुन्हा फुगतं. ते जितक्या आळशीपणे परत येईल तितकी ऊर्जा त्यात जिरते, आणि तीच घसरणीला अडवते. रस्ता ओला असला तरी हे चालूच राहतं, कारण त्यासाठी रबर दगडाला चिकटावं लागत नाही. काकांच्या नखाची खूण सावकाश भरते ती याच गुणामुळे. उन्हाने आणि वयाने रबर कडक झालं की हा गुण जातो, नक्षी कितीही ताजी दिसो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे म्हणून वाचावेत: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

दुसरी परीक्षा, टायर पाणी बाजूला सारतो की त्यावर तरंगतो याची, विमानांमुळे सुरू झाली. ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात, याचा शोध नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी घेतला. 1963 च्या त्यांच्या अहवालात एक छोटं सूत्र आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड) वर्गमूळ काढा, 10.35 ने गुणा. साचलेल्या पाण्यावर टायर ताशी किती मैलांना तरंगायला लागतो, ते मिळतं. 30 पीएसआयला उत्तर येतं ताशी सुमारे 91 किलोमीटर. हवा उतरून 20 वर आली तर सुमारे 75. गाडीचं वजन या सूत्रात नाहीच. हे विमानाच्या टायरवरून काढलेलं आहे, पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचं, म्हणून मोटारीला अंदाजापुरतंच. पण "पावसात दोन पॉइंट हवा कमी ठेव, ग्रिप वाढते" हा गावोगावी मिळणारा सल्ला ते उलटा ठरवतं. चिखलातून गाडी काढायला तो ठीक, पाण्यावर नाही.

चाळीसच्या वेगाला याची कुणाला पर्वा? कोकणात खरा बदल झाला तो इथे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून रेंगाळत, शिव्या खात का होईना, पुढे सरकलं. जिथे काँक्रीट पूर्ण झालं तिथे भर पावसात काटा नव्वदच्या आसपास सहज जातो. रुंद रस्त्यावर, दुभाजकाच्या कडेला किंवा वळणाच्या आतल्या बाजूला, पाणी तुंबून राहतं. स्टेअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं लागतं आणि इंजिनाचा आवाज चढतो, तेव्हा रबराची जात काही कामाची नाही. पाणी बाजूला सारायला खोल चर लागतात. नव्या टायरला ते साधारण आठ मिलिमीटर असतात. कायद्याची मर्यादा 1.6 वर, तिथवर झिजलेला टायर घाटात कसाबसा निभावेलही. सपाट काँक्रीटवर त्याच्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

पकड वाढवली की इंधन जास्त जाळायचं, हा जुना पेच 1992 मध्ये मिशेलिनने काजळीच्या जागी सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य, बारीक पुडीच्या रूपात) वापरून बराच सोडवला. पकड आकड्यात ग्राहकासमोर आली ती युरोपात 2012 च्या लेबलमुळे. साधारण एक मिलिमीटर पाण्यात, 80 वरून 20 च्या वेगावर यायला किती अंतर लागलं, हे ठरावीक संदर्भ टायरशी ताडून अक्षर देतात. भारताने 2022 च्या अधिसूचनेने ओल्या पकडीची किमान पातळी सक्तीची केली. अक्षराचं लेबल मात्र त्यात नाही, म्हणून रत्नागिरीच्या दुकानात दोन टायर शेजारी ठेवून ओल्या पकडीची तुलना करायला सहसा काही हाताशी नसतं.

आणि ही चाचणी सरळ रेषेतल्या ब्रेकची. वळणावर गाडी कशी वागते, पुढची चाकं आधी सुटतात की मागची, सुटताना आगाऊ सांगतात की अचानक दगा देतात, हे त्या अक्षरात नसतं. त्यासाठी टायरवाले ओल्या गोल मैदानावर फेऱ्या मारून वेळ मोजतात, आणि त्याबरोबर गाडी चालवणाऱ्या अनुभवी ड्रायव्हरला दहापैकी गुण द्यायला लावतात. तो गुण देतो ते बुडाखाली आणि तळहातात जाणवलेल्या गोष्टीवरून. हातखंब्याच्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि माझ्या मागच्या डाव्या टायरकडे बोट दाखवून म्हणाले, "याला हवा मार आधी."