घरी जुळवलेला पीसी आणि रुसलेला आवाज : पार्श्वभूमी

सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या संगणकावर विंडोज चढते, इंटरनेट चालू होते, आणि आवाज मात्र येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग चालवायला शिकवणारे सॉफ्टवेअर, पुन्हा पुन्हा टाकून माणूस थकतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजतो. माझ्या मते चूक बहुतेक वेळा त्याची नसते. आवाजाचे काम गेल्या तीनेक दशकांत वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये वाटले गेले, त्यात या दुखण्याचे मूळ आहे.

१९८१च्या आयबीएम पीसीत बीप करणारा एक छोटा स्पीकर होता, बस्स. १९८७मध्ये यामाहाच्या चिपवर चालणारे अ‍ॅडलिब कार्ड आले. १९८९मध्ये सिंगापूरच्या सिम वोंग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. कार्ड बसवले की त्याचा पत्ता, आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी ओळ) आणि डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) असे तीन आकडे जम्परने, म्हणजे कार्डावरच्या छोट्या पिना जोडून, ठरवायचे, तेच संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये लिहायचे आणि प्रत्येक गेमच्या सेटअपमध्ये पुन्हा सांगायचे. आयआरक्यू ७ सहसा प्रिंटर पोर्टकडे असे, तिथे टक्कर व्हायची. काम किचकट होते खरे, पण दोष कुठे आहे ते आकड्यांवरून कळत असे. विंडोज ९५च्या, कार्ड आपोआप ओळखणाऱ्या प्लग अँड प्लेने हे आकडे आपल्या हाती घेतले.

खरा बदल झाला तो १९९७मध्ये, इंटेलच्या एसी ९७ या मानकाने. डिजिटल नियंत्रण चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिपमध्ये, गेले आणि आवाजाचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी कोडेक नावाची छोटी चिप मदरबोर्डवर बसली. वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला, आणि तैवानच्या रियलटेकचे कोडेक बोर्डाबोर्डांवर दिसू लागले. मात्र चिपसेट एकाचा, कोडेक दुसऱ्याचा, आणि कोणता जॅक कोडेकच्या कोणत्या पिनला जोडायचा हे ठरवणारी बोर्ड कंपनी तिसरी. ब्रँडेड संगणकात ही सांगड विकणाराच घालून देतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, रॅम, कॅबिनेट घेऊन घरी आलेल्याच्या हाती उरायची ती मदरबोर्डच्या खोक्यातली सीडी. म्हणूनच ड्रायव्हर आधी बोर्डाच्या मॉडेलच्या नावाने शोधावा, चिपच्या नावाने नंतर.

२००४मध्ये इंटेलने एसी ९७च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ (एचडी ऑडिओ) आणले. पण विंडोज एक्सपी २००१ची, तिला त्याची बसच, म्हणजे चिपसेट आणि कोडेक यांना जोडणारी वाटच, ओळखीची नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ८८८१११ क्रमांकाचा वेगळा पॅच (दुरुस्तीची छोटी फाइल) दिला. तो नसेल तर विंडोजला कोडेक दिसतच नसे, मग रियलटेकचा अगदी योग्य ड्रायव्हरही बसायला नकार देई. एक्सपीवर तासन्‌तास घालवलेल्या कितीतरी जणांची अडचण एवढीच होती. आधी चिपसेट आणि बस, मग आवाज, हा क्रम तेव्हापासूनचा आहे आणि आजही तोच पाळावा.

याच काळात कॅबिनेटच्या पुढच्या जॅकचाही घोळ झाला. त्या वायरीला बरीच वर्षे एसी ९७ आणि एचडी ऑडिओ असे दोन प्लग येत. दोन्ही बोर्डावरच्या त्याच पिनांवर बसतात, पण हेडफोन लावला की ते कळवणारी जोडणी फक्त दुसऱ्यात असते. पहिला लावला तर ड्रायव्हरला जॅक रिकामाच वाटतो. इथे ड्रायव्हर बदलून काहीच होत नाही. प्लग बदलावा, किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) अथवा रियलटेकच्या आवाजाच्या सेटिंगच्या पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करावी.

व्हिस्टापासून विंडोजमध्ये एचडी ऑडिओचा साधा ड्रायव्हर मुळातच असतो, त्यामुळे निदान आवाज तरी येतो. पण त्याच व्हिस्टाने, गेम ज्यातून आवाज काढत त्या डायरेक्टसाउंडचे काम कार्डावर वेगाने करण्याची सोय काढून घेतली आणि ६४ बिट आवृत्तीत डिजिटल सही नसलेल्या ड्रायव्हरला दार बंद केले. चांगली, महागडी जुनी कार्डे त्यात निरुपयोगी झाली, याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एचडीएमआयसाठी (चित्र आणि आवाज एकाच केबलने मॉनिटरकडे नेणाऱ्या जोडणीसाठी) स्वतःचे आवाजाचे उपकरण घेऊन येऊ लागला. विंडोजने तेच मुख्य धरले की आवाज मॉनिटरकडे जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो.

विंडोज १०च्या काळात ड्रायव्हर आणि त्याचे पॅनेल वेगळे झाले. डीसीएच या नव्या प्रकारच्या ड्रायव्हरसाठी रियलटेक ऑडिओ कन्सोल हे अ‍ॅप मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून येते. या नव्या ड्रायव्हरवर जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर चढवला की आवाज येतो, पण पॅनेल उघडत नाही. शिवाय काही नव्या बोर्डांवरचा एएलसी ४०८० हा कोडेक एचडी ऑडिओ बसवर नसून आतून यूएसबीला जोडलेला असतो. त्याला रियलटेकचा नेहमीचा एचडी ड्रायव्हर लागू पडत नाही.

म्हणून काही उतरवून घेण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी पाहावा. त्याची सुरुवात एचडी ऑडिओने होते की यूएसबीने, यावरून कोणत्या जातीचा ड्रायव्हर हवा ते कळते. एचडी ऑडिओ असेल आणि पुढे १०ईसी (10EC) दिसले, तर कोडेक रियलटेकचा आहे.