सोरेंतोच्या एकदिवसीय सहली : या वाटा पडल्या कशा?

इटलीत नेपल्सच्या उपसागराच्या दक्षिण काठावर, कड्यावर वसलेलं सोरेंतो हे गाव. उन्हाळ्यात इथे मुक्काम टाकणाऱ्याला हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे सहलींची साधारण एकच यादी देतात : एक दिवस पॉम्पेई हे प्राचीन रोमन शहर आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी, एक दिवस काप्री बेट, एक दिवस पोझितानो आणि अमाल्फी ही किनाऱ्यावरची गावं. ही यादी जणू निसर्गानेच आखून दिली असं वाटतं. पण ती आखली रेल्वेने, आगबोटीने आणि घाटरस्त्याने, तीही बरीचशी एकोणिसाव्या शतकात. सकाळी निघून रात्री मुक्कामी परतता येईल अशी सोय झाली, की ते ठिकाण यादीत चढलं.

सुट्टीसाठी या किनाऱ्यावर येणं मात्र दोन हजार वर्षांचं जुनं. रोमचे धनिक उन्हाळ्यात इथे यायचे, समुद्राकडे तोंड करून प्रशस्त वाडे बांधायचे. उपसागराच्या दुसऱ्या टोकाचं बाइया गरम झऱ्यांच्या स्नानगृहांसाठी प्रसिद्ध होतं. तिथली जमीन ज्वालामुखीमुळे खाली-वर होत असते, त्यामुळे त्याचा बराच भाग आज पाण्याखाली आहे. सम्राट टायबेरियस इ.स. २७ च्या सुमारास काप्रीवर राहायला गेला आणि नंतर मरेपर्यंत, म्हणजे दहा वर्षं, त्याने रोममध्ये पाऊल ठेवलं नाही. पुढे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई, हर्क्युलेनियम, स्टाबिये ही गावं राखेखाली गेली.

हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. दोन्ही नेपल्सच्या बोर्बन घराण्यातल्या राजाच्या हुकमाने, आणि हेतू राजसंग्रहासाठी मौल्यवान वस्तू मिळवणं हा. भिंतींवरची चांगली चित्रं कापून काढली, पुतळे उचलून नेले. हे शहर पॉम्पेईच आहे हे सुद्धा १७६३ मध्ये एक शिलालेख सापडल्यावर पक्कं झालं. युरोपातले उमराव आणि लेखक मंडळी तेव्हा महिनोन् महिने इटलीत फिरत. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये इथे आला, पॉम्पेई पाहिलं, धगधगत्या व्हेसुव्हियसवर चढला. पण हा प्रवास मूठभरांचा होता. पॉम्पेईला शिस्त लावली ती १८६० च्या दशकात जुझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसांचे ठसे मिळवण्याची पद्धत १८६३ मध्ये त्यानेच रूढ केली. प्रवेशासाठी तिकीटही त्याच्याच काळात आलं.

तोवर रेल्वे आली होती. इटलीतला पहिला लोहमार्ग ३ ऑक्टोबर १८३९ रोजी सुरू झाला तो याच किनाऱ्यावर, नेपल्स ते पोर्तिची, जेमतेम सात-आठ किलोमीटरचा. १८४२ मध्ये तो कास्तेल्लामारेपर्यंत पोहोचला आणि तिथून पुढे सोरेंतोला घोडागाडी. त्याआधी सोरेंतोला जायचं म्हणजे बहुतेकदा नावेनेच. आज ज्या गाडीने पॉम्पेई अर्ध्या तासावर येतं, ती चिर्कुमव्हेसुव्हियाना सोरेंतोपर्यंत धावू लागली १९४८ मध्ये. गाडीतली गर्दी आणि उकाडा याबद्दल प्रवासी कुरकुरतात, पण या भागातल्या स्वस्त भटकंतीचा सगळा भार तिच्यावरच आहे.

व्हेसुव्हियसवर १८८० मध्ये दोराने ओढली जाणारी रेल्वे बसली. तिच्या जाहिरातीतून जन्मलेलं ‘फुनिकुली फुनिकुला’ हे गाणं आजही गायलं जातं. रेल्वे मात्र १९०६ च्या उद्रेकात उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली, आणि १९४४ च्या उद्रेकाने कायमची संपली. आता बसने बरंच वर जाऊन शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो.

काप्रीची कथा वेगळी आहे. १८२६ च्या ऑगस्टमध्ये आउगुस्ट कोपिश हा जर्मन कवी-चित्रकार मित्राबरोबर बेटावर आला आणि स्थानिक खानावळवाल्याच्या आणि एका कोळ्याच्या मदतीने समुद्राकाठच्या निळ्या गुहेत पोहत शिरला. गुहा गावकऱ्यांना ठाऊक होती, पण ते तिला भुताटकीची मानून टाळत. कोपिशच्या वर्णनाने ती युरोपभर गाजली आणि बेटाकडे लोकांची रीघ लागली. आज आत जायची रीत अशी : छोट्या होडीत पाठीवर आडवं पडायचं, नावाडी भिंतीतली साखळी धरून लाटेच्या ओहोटीला होडी आत खेचतो, आणि तुमच्या नाकावरून खडक सरकतो. १९६४ मध्ये गुहेच्या तळाशी रोमन पुतळे सापडले. म्हणजे टायबेरियसच्या काळातही हिची शोभा माणसं बघत होती. समुद्र जरा खवळला की गुहा बंद. तेव्हा काप्रीचा दिवस केवळ गुहेच्या भरवशावर ठरवू नये.

अमाल्फीचा किनारा मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. मध्ययुगात अमाल्फी हे स्वतंत्र आरमारी व्यापारी गणराज्य होतं. कॉन्स्टँटिनोपलपर्यंत त्याच्या पेढ्या होत्या, कॅथेड्रलचे कांस्य दरवाजे तिथेच ओतले गेले. नॉर्मनांनी सत्ता घेतली, पिसाच्या आरमाराने १२ व्या शतकात लूट केली आणि १३४३ च्या वादळाने शहराचा खालचा भाग समुद्रात गेला. त्यानंतर राहिले ते कागद बनवणारे कारखाने, लिंबाच्या बागा आणि मासेमारी. गावागावांत जायला खेचरांच्या पायवाटा आणि नावा. उतारांवर दगडांचे बांध रचून, पाठीवर माती वाहून लोकांनी या बागा उभ्या केल्या. पर्यटकाला जो ‘निसर्ग’ दिसतो, त्याच्या पायऱ्या माणसांच्या हातच्या आहेत. कड्यांवरचा गाडीरस्ता बोर्बन राजवटीत खोदला गेला आणि १८५० च्या दशकात खुला झाला. तरी पोझितानोसारख्या गावांतून लोक पोटासाठी अमेरिकेला जातच राहिले. पर्यटनाचा पैसा तिथे आला तो विसाव्या शतकात.

तो रस्ता आजही तसाच अरुंद आहे. म्हणून गर्दीच्या दिवसांत २०२२ पासून तारखेनुसार सम-विषम नंबरप्लेटचा नियम लागतो. पॉम्पेईतही नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं. तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्याला यामुळे थोडी जागा मिळत असेल तर हे निर्बंध स्वागतार्हच आहेत.

सहलींच्या यादीत सहसा नसलेलं एक ठिकाण मी आग्रहाने सुचवेन : नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईतून राजाने उचललेलं बरंचसं तिथे आहे, त्यामुळे ते न पाहता पॉम्पेई अर्धंच पाहून होतं. त्यातही आपल्यासाठी खास आहे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती, उंची वीतभर. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात ती सापडली. गळ्यात आणि कमरेला भरघोस दागिने, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. लक्ष्मी म्हणून तिचा गाजावाजा झाला, पण बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिच्या जवळच्या ठेवणीच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. सातवाहनांच्या काळात तेरचा, म्हणजे तगर नगरीचा माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात असे. मूर्ती नेमकी कुठल्या कारागिराची यावर मतभेद आहेत, पण या व्यापाराची उलटी खूण आपल्याकडे आहे : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं पाहून दिवस ठरवा.