बांगडा, डिझेल आणि एकच आलेख

मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकून ते खालून आवळणारे यांत्रिक बोटवाले) भिडल्याची बातमी हंगाम सुरू झाला की येतेच. मग चर्चेत कोणीतरी शिकलासवरलेला माणूस हमखास म्हणतो, "समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, म्हणजे तो ओरबाडला जाणारच. अर्थशास्त्राचा नियमच आहे तो." हे विधान अर्धं खरं आहे. पण अशाच अर्ध्या खऱ्या विधानांवर धोरणं बेतली जातात, म्हणून ते उलगडून बघू.

आधी खरा अर्धा भाग. स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थतज्ज्ञाने 1954 साली तो मांडला, आणि माझ्या मते अर्थशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी तो एक आहे. त्याच वर्षी मिल्नर शेफर या मत्स्यशास्त्रज्ञाने त्यामागचं जीवशास्त्रीय गणित दिलं होतं. समुद्रात मासे फार थोडे असले तर पिल्लंही थोडीच होतात. मासे खच्चून भरले तर खाद्य पुरत नाही आणि वाढ थांबते. साठा कमाल मर्यादेच्या निम्मा असताना नवी भर सर्वांत जास्त पडते. ती भर तेवढीच काढली, तर साठा जागच्या जागी राहतो.

आता एक काल्पनिक बंदर घेऊ. आकडे माझे आहेत, सूत्र शेफरचंच. बोटींची संख्या 20 मधून वजा करा, जे उरेल तितक्या लाखांची मासळी दर बोटीला वर्षाकाठी मिळते. बोटीचा खर्च वर्षाला 4 लाख, त्यात मालकाची मजुरीही आली. मासळीचा भाव स्थिर.

बोटी 8 असल्या तर प्रत्येकीला 12 लाख, एकूण 96 लाख. खर्च वजा जाता दर बोटीला 8 लाख नफा, साऱ्या बंदराला 64 लाख. आता नववी बोट येते. प्रत्येकीचं उत्पन्न 11 लाखांवर उतरतं. नववीच्या मालकाला 7 लाख नफा दिसतो, तो खूश. पण जुन्या आठांचे प्रत्येकी एक, असे 8 लाख त्याच्या येण्याने बुडाले. ते त्याच्या खिशातून गेले नाहीत, म्हणून त्याच्या हिशोबात आलेच नाहीत. बंदराचा नफा मात्र 64 वरून 63 वर आला. यात कोणी हावरट नाही, कोणी मूर्ख नाही. दहावा येतो, अकरावा येतो. सोळाव्या बोटीला प्रत्येकाची मासळी 4 लाख आणि खर्चही 4 लाख. नफा शून्य, म्हणून आता नवा कोणी येत नाही. आठ बोटी 96 लाखांची मासळी आणत होत्या, सोळा बोटी 64 लाखांची आणतात, आणि समुद्रात मूळ साठ्याचा पाचवा हिस्सा उरतो (दर बोटीची मासळी साठ्याच्या प्रमाणात असते, आणि ती 20 वरून 4 वर आली).

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. आपल्या बंदरात अशा सवलतीने खर्च 4 वरून 2 लाखांवर आला असं समजा. नफा पुन्हा दिसू लागतो, बोटी वाढतात, आणि 18 बोटींना गाडी थांबते. प्रत्येकीला 2 लाख, एकूण मासळी 36 लाखांची, समुद्रात दहावा हिस्सा. मदत दिली मच्छीमाराला, अखेरीस नफा होता तिथेच म्हणजे शून्यावर, आणि मासळी जवळजवळ निम्मी झाली. हे पहिल्यांदा सोडवून पाहिलं तेव्हा मी कागद उलटसुलट करून तपासला होता. गणित बरोबर आहे. (बोटींच्या प्रमाणात सरळ वाढणारा खर्च, माशाची एकच जात, स्थिर वाढदर ही गृहीतकं काढली की आकडे बदलतात, दिशा सहसा तीच राहते. तारली-बांगड्यासारख्या मासळीत मात्र पावसाळ्यातल्या प्रवाहांनी वाढदरच वर्षागणिक हेलकावतो, तिथे 'स्थिर साठा' ही कल्पनाच डळमळते.)

इथवर मुख्य प्रवाहाचं अर्थशास्त्र, आणि ते फेकून देण्यासारखं मुळीच नाही. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने 1968 मध्ये सामायिक कुरणाचा (प्रत्येकजण आपली गुरं वाढवत जातो आणि कुरण उजाड होतं) दाखला देऊन निष्कर्ष काढला की अशा संपत्तीला दोनच वाटा: सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी. दोन्ही करून झालं आहे. कॅनडाने सरकारी शास्त्रज्ञांच्या अंदाजावर कॉड माशाचा कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा याची मर्यादा, ठरवला. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार 'मासा बारीक होतोय' म्हणत राहिले, आणि 1992 मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंदच करावी लागली. आइसलंडने कोटा विकता-घेता येईल असा केला. मासेमारी फायद्यात आली, पण कोटा मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला आणि कित्येक लहान गावांच्या हाती काही राहिलं नाही.

गॉर्डनच्या गणितात एक वाक्य गृहीत आहे: बोटवाले एकमेकांशी बोलत नाहीत. या गणिताचा आलेख पुस्तकात असतो, त्यात ते कुठेच दिसत नाही, म्हणून विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं तेच पकडलं. 1990 च्या त्यांच्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराची हकिगत आहे. तिथे साधारण शंभर मच्छीमार, चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या. दहाएक वर्षं धडपडून त्यांनी पद्धत बसवली. सप्टेंबरात जागांच्या चिठ्ठ्या काढायच्या. मग रोज प्रत्येकाने पूर्वेकडच्या पुढच्या जागी सरकायचं, जानेवारीनंतर उलट पश्चिमेकडे. मासा स्थलांतर करतो, त्यामुळे चांगली जागा आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येते. पहारेकरी नेमावा लागत नाही. आज ज्याची पाळी उत्तम जागेची, तो पहाटेच तिथे हजर असतो आणि घुसखोराला हाकलतो. बाकीचे त्याची बाजू घेतात, कारण उद्या पाळी त्यांची आहे.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. रापण आपण पिढ्यान्‌पिढ्या ओढत आलो. होडीने जाळ्याचा अर्धगोल टाकायचा, किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर सगळ्यांनी मिळून खेचायचे, मासळीचे वाटे ठरल्याप्रमाणे करायचे. वाट्याचे नियम, वादाचा निवाडा, सगळं लोकांनी आपल्यात ठरवलेलं. हार्डिनच्या दोन वाटांत ते बसत नाही. ऑस्ट्रॉमना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं 'नोबेल' मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. (हे पारितोषिक आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रात नव्हतं, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते 1968 मध्ये सुरू केलं. विज्ञानाचा शिक्का बसला की त्या विषयातलं प्रत्येक विधान विज्ञान होत नाही.)

पण ऑस्ट्रॉम म्हणजेही सर्वरोगहर गुटी नव्हे. अलान्यात जागा ठरलेल्या आणि माणसं ओळखीची होती. रात्री मासे खेचायला एलईडी दिवे लावून येणाऱ्या परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलरला रापण संघाचा नियम कोण सांगणार? तिथे कायदा लागतो. राज्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंत. राज्याच्या 2016 च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ मिळाला, एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. अंमलबजावणीचं काय होतं, हे किनाऱ्यावर कोणालाही विचारा.

मार्क्सच्या वाटेने जाणारा अर्थतज्ज्ञ याच बंदरात आला तर आधी विचारील: जाळं कोणाचं, खलाशाला वाटा मिळतो की पगार? परिस्थितीकीय अर्थशास्त्रवाला म्हणेल, भाव सोडा, समुद्र किती सोसेल ते आधी ठरवा. स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे बघेल, आणि तिच्या घरच्या बिनपगारी कामाकडेही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर चाललेल्या कोकणात शेत, गोठा आणि म्हातारी माणसं कोणी सांभाळली, ते जीडीपीत शोधून सापडत नाही.

हे प्रश्न एकमेकांना रद्द करत नाहीत. 1992 मध्ये 44 अर्थतज्ज्ञांनी बहुविध विचारांना जागा द्या असं जाहीर आवाहन केलं, त्यात सॅम्युएल्सन आणि सायमन यांच्यासारखे नोबेलवाले होते. 2014 मध्ये तीच मागणी अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांच्या संघटनांनी केली. आपल्याला तर ती परकी वाटायचं कारण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्येच पुण्यात सांगितलं होतं की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ज्यांचं मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी 1923 च्या रुपयावरच्या ग्रंथात केन्स या नावाजलेल्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या चलनपद्धतीलाच आव्हान दिलं. तेही 'परदेशी म्हणून चूक' असल्या सबबीवर नव्हे, आकडे मांडून. बहुविधता म्हणजे कोणीही काहीही बोलावं असं नाही. बाजार हा गावचा राखणदार आहे, त्याला वेळेवर मान दिला की तो सगळं सांभाळतो, अशी श्रद्धा असणारे अर्थतज्ज्ञही असतात; त्यांनाही पुरावा मागायचाच.

आणि एक हिशोब गॉर्डनच्या आलेखात राहूनच गेला आहे. आडव्या अक्षावर तो फक्त 'बोटी' मोजतो, सगळ्या सारख्या. रापणीचा खर्च डिझेलचा नाही, माणसांच्या हातांचा आहे. डिझेल स्वस्त झालं की पर्ससीनची खर्चरेषा खाली येते, रापणीची आहे तिथेच राहते. समुद्रातला साठा मात्र दोघांचाही घटतो, आणि सवलत न घेतलेला रापणकर तिची किंमत आपल्या वाट्यातून भरतो. त्याच्यासाठी दुसरी रेषा आखावी लागेल.