मसाजरच्या तुलनेतले रकाने आले कुठून?

मसाज गन, म्हणजे स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र, घ्यायची म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की दोन मिनिटांत तुलनेचा तक्ता समोर येतो. वर थेरागन आणि हायपरव्होल्ट, खाली आपल्याकडे सहज मिळणारी आगारो, लाइफलाँग, डॉ. फिजिओ वगैरे मंडळी. पुढे रकाने: ठोका किती मिलिमीटर खोल, मिनिटाला किती ठोके, आवाज किती डेसिबल, किती जोर दिला की मोटर अडते. दोन-अडीच हजारांचं यंत्र आणि त्याच्या दसपट किमतीचं यंत्र या तक्त्यात मांडीला मांडी लावून बसतं. रकाने बघून वाटतं, हे कुणा डॉक्टरांनी ठरवलेले निकष असावेत. तसं नाही. यातले बरेचसे रकाने एका कंपनीने दुसरीला मागे टाकण्यासाठी पुढे केलेले आहेत, आणि चढाओढ पुढे सरकली तरी ते तक्त्यात राहून गेले आहेत.

आवाजाचा रकाना त्यातला ताजा. जेसन वर्सलँड हे लॉस एंजेलिसमधले कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणका-सांधे हाताने दाबून उपचार करणारे. २००७ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात ते जखमी झाले. दुखणं हटेना, तेव्हा त्यांनी विजेच्या एका अवजारात फेरफार करून स्वतःपुरतं ठोके देणारं यंत्र बनवलं. त्याचं विकायचं रूप, म्हणजे थेरागन, २०१६ मध्ये बाजारात आलं. ठोका १६ मिलिमीटर, म्हणजे डोकं तेवढं पुढे-मागे होतं, नुसतं थरथरत नाही. हा कंपनीचा हुकमी आकडा झाला आणि ठोक्याच्या खोलीचा रकाना तिथून आला. पण सुरुवातीच्या थेरागनचा आवाज म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असावं असा.

ही फट हायपराइसने हेरली. अँथनी काट्झ यांची ही कंपनी आधी खेळाडूंना दुखऱ्या गुडघ्या-खांद्यावर बांधायला बर्फाच्या पट्ट्या विकायची. २०१८ मध्ये तिने हायपरव्होल्ट आणली. तिचा ठोका थेरागनइतका खोल नव्हता, पण आवाज कमी होता. टीव्ही बघता बघता पोटऱ्यांवर फिरवता येईल असं यंत्र आल्यावर डेसिबल ही विकण्याची गोष्ट झाली. २०२० मध्ये थेरागनने चौथी पिढी आणली तीही शांत मोटरचा डंका पिटतच. जोर दिल्यावर मोटर कधी अडते, हा आकडा मात्र थेरागनच्या बाजूने बोलणारा, म्हणून ती मंडळी तो पुढे करत राहिली. पुढे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २०२४ च्या सुरुवातीला हायपराइसने पेटंटवरून अनेक कंपन्यांवर दावे लावले, त्यात थेरागनवाली थेराबॉडीही होती.

या सगळ्यात दुखणाऱ्या स्नायूचं काय, हा प्रश्न तक्त्यात येत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०२० मध्ये १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं हायपरव्होल्ट चालवून पाहिली. घोट्याची हालचाल सरासरी ५.४ अंशांनी वाढली, ताकदीत फरक पडला नाही. चांगलं आहे, पण हा परिणाम लगेच मोजलेला आहे आणि माणसं सोळाच. दुसऱ्या टोकाला, मसाज गन वापरल्यानंतर एका तरुणीच्या स्नायूंचे तंतू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याची नोंदही वैद्यकीय नियतकालिकात आहे. असं क्वचित होतं, तरी ‘जास्त ठोके म्हणजे जास्त गुण’ हे गणित तक्ता सुचवतो तितकं सरळ नाही, एवढं यातून कळतं.

यंत्राने अंग रगडून घ्यायची कल्पना मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे. स्टॉकहोममध्ये गुस्ताव्ह झांडर या डॉक्टरने १८६५ मध्ये संस्था काढली. तिथे पाठ थोपटणारी, पोट चोळणारी, पाय हलवणारी यंत्रं होती आणि ती वाफेवर चालायची. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि मग युरोप-अमेरिकेत झांडरच्या संस्था निघत गेल्या. याला नाव पडलं मेकॅनोथेरपी. आज आपल्या कस्टम्सच्या यादीत मसाजर ज्या ९०१९ या शीर्षकाखाली येतो, त्याची सुरुवात या मेकॅनोथेरपीच्या उपकरणांनीच होते. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी विजेवरचं हातातलं यंत्र आणलं, तेही मज्जातंतूंच्या आणि स्नायूंच्या दुखण्यासाठी. स्त्रियांच्या ‘हिस्टेरिया’वर उपाय म्हणून डॉक्टर हे यंत्र लैंगिक उत्तेजनासाठी वापरत, अशी एक चटकदार गोष्ट इंटरनेटवर फिरते, तिला पुरावा नाही, आणि स्त्रियांवर हे यंत्र वापरायचं आपण टाळतो असं खुद्द ग्रॅनव्हिल यांनी लिहून ठेवलं आहे.

मसाजची खुर्ची कारखान्यातून निघू लागली ती जपानमध्ये. ओसाकात नोबुओ फुजिमोतो नावाचे गृहस्थ सार्वजनिक स्नानगृहांना घासायचे ब्रश विकत. स्नानगृहात येणारी माणसं दिवसभराच्या कामाने अवघडलेली असत. त्यांच्यासाठी फुजिमोतोंनी मिळेल त्या सामानातून, सायकलची चेन आणि रबरी बॉल वापरून, लाकडी खुर्ची बनवली. पाठीमागचे गोळे वर-खाली करायला बाजूला चाक, ते बसणाऱ्याने स्वतः फिरवायचं. १९५४ मध्ये तिचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं आणि फुजी मेडिकल ही कंपनी उभी राहिली. विकायची जागाही तीच, स्नानगृह. आंघोळ झाली, शरीर सैल पडलंय, हातात सुट्टे पैसे आहेत. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

मग स्पर्धक आले. इनाडा कंपनी १९६२ ची, आणि १९६९ मध्ये मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, या धंद्यात उतरली. जपानी खुर्च्या इतक्या गुंतागुंतीच्या का झाल्या, याचं एक कारण मला कायद्यात दिसतं. तिथे घरगुती मसाजर हे वैद्यकीय उपकरण धरलं जातं आणि त्याच्या गुणांबद्दल काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे: थकवा उतरतो, रक्ताभिसरण सुधारतं, स्नायूंचा शीण जातो, आखडलेले स्नायू मोकळे होतात, स्नायू आणि नसांच्या वेदनांना आराम पडतो. त्यापुढे बोलायची सोय नाही. सगळ्यांना एकच वाक्य म्हणायचं असेल तर वेगळेपण दाखवायला यंत्रच उरतं. म्हणून रोलरची वाट मणक्याच्या बाकाप्रमाणे वळवणं, खांद्यांची उंची यंत्राने आपणच मोजणं, पाय-हात हवेच्या पिशव्यांनी चेपणं अशी कामं होत गेली. खुर्च्यांच्या तक्त्यातले ‘ट्रॅक’ आणि ‘बॉडी स्कॅन’ हे रकाने याच चढाओढीतले.

त्यानंतरची मंडळी कारागिरीपेक्षा दुकानदारीत तरबेज. सिंगापूरच्या रॉन सिम यांची ओसिम ही मसाज खुर्च्यांची कंपनी मॉलमधल्या झगमगीत दुकानांतून वाढली. ओगावा हे नाव जपानी, कंपनी मलेशियाची, आणि २०१४ मध्ये ती विकत घेतली चीनमधल्या शियामेनच्या उत्पादकाने. दुसऱ्यांसाठी माल बनवणारा ब्रँडचाच मालक झाला. एकाच साच्यातली गन चार नावांनी आणि चार किमतींना का दिसते, याचं उत्तर याच रचनेत आहे. ब्रँड वेगळा म्हणजे कारखाना वेगळा असेलच असं नाही. कोरियात बॉडीफ्रेंडने खुर्ची भाड्याने देऊन बाजार पकडला, पण मुलांची उंची आणि स्मरणशक्ती वाढते अशी एका खुर्चीची जाहिरात केल्यावरून २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने तिला दंड केला. जपानमधली ती पाच ठरलेली वाक्यं का हवीत, हे इथे दिसतं.

आपल्याकडे मालिश हे माणसाचं काम होतं आणि अजून बऱ्याच अंशी आहे. बाळ-बाळंतिणीला रगडायला येणाऱ्या बाई, तालमीत एकमेकांचं अंग मळणारे पैलवान, चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारे मालिशवाले. यंत्र आलं ते टीव्हीवरच्या रात्रीच्या टेलिशॉपिंगमधून, थुलथुलीत पोट थरथरवून सपाट करायचं आश्वासन घेऊन. मसाज आणि वजन घटवणं यांची जी सांगड तेव्हा बसली ती अजून सुटलेली नाही. स्वस्त मसाजरच्या खोक्यावर ‘फॅट बर्न’ आजही छापलेलं असतं, आणि ते वाचून घेऊ नये. सेराजेम या कोरियन कंपनीने उलटा रस्ता धरला: जेड या हिरवट दगडाच्या गरम रोलरचा पलंग, केंद्रावर येऊन रोज फुकट झोपा, विकत घ्यायची घाई नाही. आजी-आजोबांच्या रांगा लागायच्या. तक्ता वाचून यंत्र निवडणाऱ्या पिढीच्या आधीची ही तुलना, पाठ टेकून केलेली.

आणखी एक वाद न्हावा शेवाच्या बंदरातला. २०२२ मध्ये कस्टम्स आयुक्तांनी बॉडी मसाजरचा आयात माल जप्त केला. कारण असं दिलं की, हे यंत्र लैंगिक सुखासाठीही वापरता येईल, म्हणून अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई करणाऱ्या १९६४ च्या अधिसूचनेत ते मोडतं. शंका अगदीच हवेतली नव्हती. हिताचीने १९६८ मध्ये अमेरिकेत पाठ-खांद्यासाठी आणलेली मॅजिक वाँड कशासाठी प्रसिद्ध झाली हे जगजाहीर आहे, आणि त्या प्रसिद्धीला कंटाळून हिताचीने २०१३ मध्ये तिच्यावरून आपलं नावही काढून घेतलं. पण कस्टम्सची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने जप्ती रद्द केली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं अपील फेटाळलं. मसाजर बाजारात सर्रास विकले जातात, आणि आयुक्तांनी लावलेला अर्थ त्यांच्या कल्पनेतला आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.