काविळीपासून कॅन्सरपर्यंत: आजारांमधल्या नात्यांचा शोध कसा लागला

हिपॅटायटिस बीचा विषाणू वर्षानुवर्षे अंगात असलेल्या अनेकांना डॉक्टर दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करायला सांगतात. माणूस धडधाकट असतो. कावीळ कधीच उतरलेली असते, किंवा झालेलीच नसते. तरी तपासणी चुकवू नका म्हणून बजावलं जातं, कारण हा विषाणू पुढे यकृताच्या कॅन्सरला कारण ठरू शकतो. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मात्र विषाणूमुळे माणसाला कॅन्सर होतो हे म्हणणं पटवून देणं महाकठीण होतं.

कॅन्सर म्हणजे इतर रोगांपासून तुटलेला, स्वतःच्या नियमांनी चालणारा आजार, अशी समजूत फार काळ होती. ती हळूहळू मोडत गेली. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की अनेक मोठे शोध कॅन्सरच्या मागे लागलेल्यांनी लावलेच नाहीत. कुणी काविळीचा माग काढत होतं, कुणी अल्सरचा, कुणी हृदयविकाराचा, आणि त्या वाटेवर त्यांना कॅन्सर भेटला.

सुरुवात जुनी आहे. १८६३ साली बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्शो यांनी कॅन्सरच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली आणि जिथे दीर्घकाळ दाह, म्हणजे आतली सूज आणि जळजळ, चालू असतो तिथे कॅन्सर उद्भवतो, असं मांडलं. १९२५ साली क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे व्रण असलेल्या रुग्णात पुढे कॅन्सर झाल्याचं नोंदवलं. इजिप्तमध्ये बिलहार्झियाच्या कृमींनी पछाडलेल्या लोकांत मूत्राशयाचा कॅन्सर जास्त दिसतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. पण या सगळ्या सुट्या नोंदी राहिल्या.

जंतूंच्या बाजूने पहिला भक्कम पुरावा मिळाला तो कोंबडीत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी एका कोंबडीची गाठ वाटून तिचा अर्क अशा बारीक गाळणीतून गाळला की पेशी आणि जिवाणू अडकून पडावेत. तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली. हे १९११ सालचं. त्यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. मधली ५५ वर्षं बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, की हा कोंबड्यांचा प्रश्न आहे, माणसांचा नव्हे. या थंडपणामागे आणखी एक कारण सांगितलं जातं. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना १९२६चं नोबेल मिळालं ते उंदरांच्या जठरात एका कृमीमुळे कॅन्सर होतो या शोधासाठी, आणि तो शोध पुढे टिकला नाही. त्या उंदरांच्या आहारात अ जीवनसत्त्व कमी होतं आणि ज्याला कॅन्सर म्हटलं गेलं ते बदल प्रामुख्याने त्या कमतरतेचे होते, असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. चुकीच्या दाव्याला मोठा मान मिळाला की त्या दिशेच्या खऱ्या कामाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

माणसातला पुरावा आफ्रिकेतून आला. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात सर्जन असलेले डेनिस बर्किट यांना १९५७ पासून जबड्याला विचित्र सूज असलेली मुलं दिसू लागली. १९५८ मध्ये त्यांनी या गाठीचं वर्णन छापलं. मग १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे १६ हजार किलोमीटर फिरून, गावोगावच्या दवाखान्यांत चौकशी करत त्यांनी हा आजार कुठे होतो आणि कुठे होत नाही याचा नकाशा तयार केला. तो पट्टा उष्ण आणि पावसाळी प्रदेशाचा निघाला. उंच, थंड भागात आजार नव्हता. म्हणजे जिथे मलेरिया मुरलेला, तिथेच ही गाठ.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचं व्याख्यान ऐकणाऱ्यांत अँथनी एप्स्टाइन होते. विषाणूचा संशय येऊन त्यांनी कंपालाहून गाठीचे नमुने मागवायला सुरुवात केली. बरेच महिने हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं आणि एक नमुना उशिरा पोचला. बाटलीतलं द्रव गढूळ झालं होतं. एरवी जिवाणू शिरले असं समजून ते फेकून दिलं असतं. एप्स्टाइन यांनी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गढूळपणा जिवाणूंचा नव्हताच. प्रवासात गाठीतून सुटलेल्या जिवंत कॅन्सरपेशी त्यात तरंगत होत्या. त्या पेशी वाढवल्या आणि १९६४ मध्ये एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. तोच एप्स्टाइन-बार विषाणू.

गंमत अशी की हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतो. मग कॅन्सर थोड्यांनाच का? इथे मलेरिया पुन्हा येतो. वारंवार मलेरिया झाला की विषाणूला आवर घालणारी प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि ज्या पेशींत तो लपलेला असतो त्यांचं विभाजन जोरात चालू राहतं. त्यात कधीतरी गुणसूत्रांची चुकीची अदलाबदल होते आणि पेशीच्या वाढीवरचा ताबा सुटतो. दोन संसर्ग, त्यांतला एक परजीवीचा, आणि शेवटी गाठ. याच विषाणूचा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी घट्ट संबंध असल्याचं २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं.

हिपॅटायटिस बीची गोष्ट यापेक्षाही आडवळणाची आहे. बारूक ब्लुमबर्ग काविळीच्या मागे नव्हतेच. माणसामाणसांतल्या रक्तातल्या प्रथिनांमध्ये काय फरक असतो हे ते तपासत होते. वारंवार रक्त चढवून घ्यावं लागणाऱ्या एका हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तातल्या कशावर तरी काम करतात, असं त्यांना दिसलं. सुरुवातीला त्यांना याचा रक्ताच्या कॅन्सरशी संबंध वाटला. १९६७ च्या सुमारास लक्षात आलं की हा काविळीच्या विषाणूचा अंश आहे. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण यकृताच्या कॅन्सरशी जोडणारा निर्णायक पुरावा दिला तो तैवानमधल्या कामाने. रोगशास्त्राच्या इतिहासातलं हे काम मला अतिशय देखणं वाटतं. पामर बीझली आणि सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचं रक्त आधी तपासलं, कुणाच्या अंगात विषाणू आहे ते लिहून ठेवलं, आणि मग वाट पाहिली. १९८१ मध्ये आकडे छापले तेव्हा यकृताचा कॅन्सर झालेले ४१ जण होते. त्यांतले ४० विषाणू असलेले. अशा लोकांना धोका इतरांच्या २२३ पट होता. आजारी माणसाला मागचं विचारून केलेल्या अभ्यासावर शंका घेता येते. इथे रक्त आधी घेतलं होतं आणि कॅन्सर नंतर झाला होता, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हा वाद उरला नाही.

पुढची पायरी लस. तैवानने १९८४ मध्ये विषाणू असलेल्या मातांच्या नवजात बाळांपासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत सगळ्या बाळांना लस सुरू केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण १९८१ ते १९८६ दरम्यान लाखात ०.७० होतं. १९९० ते १९९४ मध्ये ते ०.३६ वर आलं. काविळीची लस देऊन कॅन्सर रोखता येतो, हे प्रत्यक्षात दिसलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आधी एक चुकीचं वळण आलं. १९७० च्या दशकात संशय होता हर्पिसच्या विषाणूवर, कारण या कॅन्सरच्या रुग्णांत त्याची प्रतिपिंडं जास्त सापडत. जर्मनीतले हाराल्ड झूर हाउझेन यांनी गाठींमध्ये हर्पिसची जनुकं शोधली, ती मिळाली नाहीत. गुप्तांगावरच्या चामखिळीचं क्वचित कॅन्सरमध्ये रूपांतर झाल्याच्या जुन्या वैद्यकीय नोंदी त्यांनी वाचल्या होत्या. म्हणून ते चामखिळीच्या विषाणूकडे, म्हणजे एचपीव्हीकडे वळले. १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा आणि लगेच पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हे दोनच प्रकार असतात. हर्पिसचा संबंध दिसला होता कारण दोन्ही संसर्ग लैंगिक संबंधातूनच पसरतात. सोबत दिसणं आणि कारण असणं यांतलं अंतर इतकं फसवं असतं. लस २००६ मध्ये आली, आणि २०२० साली स्वीडनच्या नोंदींवरून कळलं की वयाची १७ वर्षं पूर्ण होण्याआधी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आहे.

जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूची कथा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले डॉक्टर रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल, १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढलेले जिवाणू, आणि १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच ते पिऊन जठराचा दाह ओढवून घेणं. हे सगळं अल्सरसाठी होतं. कॅन्सरचा भाग नंतर आला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जिवाणूला कॅन्सरकारक ठरवलं. २००१ मध्ये छापलेल्या एका जपानी अभ्यासात जिवाणू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला आणि जिवाणू नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. त्यातलाच एक बारकावा फारसा सांगितला जात नाही: लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर असलेल्यांतही कॅन्सर आढळला नाही. जिवाणू तोच, पण जठरात दाह कुठे होतो आणि आम्ल वाढतं की घटतं यावर पुढची वाट ठरते. अल्सर म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी, ही भीती त्यामुळे सरसकट खरी नाही. ३६ जण म्हणजे संसर्ग असलेल्यांत तीन टक्क्यांहून कमी, हेही विसरू नये.

नातं उलट्या दिशेनेही चालतं. फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये सांगितलं की पायाच्या शिरांत कारणाशिवाय रक्ताच्या गुठळ्या होत असतील तर आत कुठेतरी कॅन्सर लपलेला असू शकतो. दोनच वर्षांनी ते स्वतः जठराच्या कॅन्सरने गेले, आणि त्याआधी त्यांच्याही शिरेत गुठळी झाली होती. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचंही तसंच. उतारवयात अचानक मधुमेह सुरू होणं आणि वजन उतरणं ही कधीकधी त्या गाठीची पहिली खूण असते. मात्र जुन्या मधुमेहाने याच कॅन्सरचा धोका वाढतोही. दोन्ही बाण एकाच वेळी खरे असल्यामुळे हा गुंता सोडवणं संशोधकांना जड जातं.

मधुमेहाच्याच वाटेवर एक मोठी आशा मावळली. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, असं अनेक निरीक्षणांतून पुढे आलं होतं. मग मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या ३,६४९ जणांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला तो असा, की आजार उलटण्याच्या बाबतीत मेटफॉर्मिन आणि औषध नसलेल्या साध्या गोळीत फरक पडला नाही.

दाहाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. कॅनाकिनुमॅब हे औषध शरीरातल्या दाहाचा एक विशिष्ट संदेश अडवतं, आणि उद्देश होता हृदय वाचवण्याचा. त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि मृत्यू लक्षणीय कमी आढळले. पुढे हेच औषध फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा त्या चाचण्या अपेक्षित परिणाम दाखवू शकल्या नाहीत. झालेली गाठ हटवणं आणि होणारी रोखणं या निराळ्या गोष्टी आहेत. रोखण्यासाठी चाचणी घ्यायची तर हजारो निरोगी माणसांना वर्षानुवर्षे औषध द्यावं लागेल, आणि या औषधाने जिवावर बेतणाऱ्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढल्याचं त्याच हृदयविकाराच्या चाचणीत दिसलं होतं.